घट्ट

म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये मागच्या बाजूला एक भिंत होती आणि त्या भिंतीचा एक नियम होता. गाडीचे ब्रेक ज्याने बांधले, त्याने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दुसऱ्याने गाडी सरळ त्याच्या अंगावर आणायची. जमिनीवर पांढरी रेघ मारलेली होती. पुढचं चाक रेघेवर आलं की ब्रेक दाबायचा. गाडी थांबली तर काम पक्कं. नाही थांबली तर तोही निकालच.

म्हातारा याला पावती म्हणायचा. "लोक कागदावर पावती देतात, मी माणसावर देतो," असं म्हणून तो स्वतःच खोऽखो हसायचा. गिऱ्हाइकंही हसायची. काही जण तर गाडी तयार झाली तरी पावती बघायला थांबत. दुसऱ्याचा गुडघा धोक्यात असताना आपला चहा जास्त गोड लागतो. ज्याला हे पटत नाही त्याने त्या गॅरेजात एक दुपार काढायला हवी होती.

नियमाला शेपूटही होतं. जो घाबरून भिंत सोडेल त्याने परत उभं राहायचं. एका वेल्डरने एकदा उडी मारली होती. म्हाताऱ्याने त्याची कॉलर धरून त्याला परत भिंतीला चिकटवला, आणि गाडी थांबल्यावर त्याच्या गालावर थोपटून म्हणाला, "बघ, मेलास का?" वेल्डर मेला नाही. संध्याकाळी मात्र तो जो गेला, तो परत कामावर आला नाही.

म्हातारा स्वतः तरुणपणी शंभरदा भिंतीपुढे उभा राहिला होता, असं तो सांगायचा. बघितलेला माणूस एकही शिल्लक नव्हता.

त्याला दोन मुलगे. थोरला हाताने काम करायचा, धाकटा तोंडाने. थोरला चाकाखाली, धाकटा सीटवर. गॅरेजची पद्धतच तशी होती: बांधणाऱ्याने सीटवर बसायचं नाही, चालवणाऱ्याने पान्याला हात लावायचा नाही. ब्रेक बांधून झाले की चालवणारा सीटवर बसून पेडल मारायचा आणि ओरडायचा, "घट्ट!" मग बांधणारा भिंतीकडे निघायचा.

गेल्या वर्षी थोरला असाच निघाला. धाकट्याने गाडी आणली, रेघेवर ब्रेक दाबला, पेडल सरळ तळाला गेलं आणि थोरल्याचा उजवा गुडघा भिंत आणि बंपर यांच्यामध्ये सापडला. आवाज झाला तो सगळ्यांनी ऐकला. सुकलेली फांदी मोडल्यासारखा वगैरे नव्हता. ओला होता.

दवाखान्यात थोरला एकच सांगत होता. "त्याने पेडल मारलंच नव्हतं. नुसतं घट्ट म्हणाला."

धाकट्याने डोळ्यांत पाणी आणून दाखवलं. "दादा, मी मारलं होतं रे. तुझंच कुठेतरी राहिलं असेल."

म्हाताऱ्याने खाटेशी उभं राहून निवाडा दिला. "स्वतःचं काम कच्चं आणि बिल भावाच्या नावावर. शाब्बास." त्या दिवसापासून त्याने थोरल्याला नावाने हाक मारली नाही. कच्चा म्हणायचा. ए कच्च्या, पाना दे. कच्च्याला चहा द्या.

थोरल्याचं बिऱ्हाड गॅरेजच्या वरच्या खोलीत होतं. एक खिडकी, एक पलंग, भिंतींना डिझेलचा वास, आणि वर जायला लोखंडी जिना. गुडघा गेल्यापासून थोरला तो जिना बसून चढायचा. पाठ वरच्या बाजूला, तोंड खाली. हातांनी स्वतःला एकेक पायरी वर ओढायचा आणि उजवा पाय सामानासारखा मागून यायचा. त्या पायाची टाच जमिनीला टेकायची, जोर लागायचा नाही. धाकटा खालून म्हणायचा, "दादा, लिफ्ट बसवू का?"

घरात मिळवतं माणूस उरलं नाही म्हणून थोरल्याची बायको खाली उतरली. आधी झाडू मारायला, मग ऑईल बदलायला, मग पंक्चरला. संध्याकाळी वर खोलीत थोरला तिला शिकवायचा. पलंगावर पडून, डोळे मिटून, हवेत हात फिरवत. ती भाजी चिरता चिरता ऐकायची आणि प्रश्न विचारायची.

"जुने पॅड झिजलेले असतात, म्हणून पिस्टन बाहेर आलेला असतो. नवे पॅड जाड. ते बसवायचे तर पिस्टन मागे ढकलावा लागतो. तो मागे गेला की त्याच्यामागचं तेल वर बॉनेटखालच्या बाटलीत चढतं. कळलं?"

"मग?"

"मग पेडल मारायचं. पिस्टन पुढे येऊन पॅडला भिडतो आणि बाटलीतलं तेल खाली जातं. पेडल मारलं नाही तर पहिला दाब पोकळ. नुसती हवा दाबल्यासारखा. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला धरतो. पण भिंत तोवर थांबत नाही."

"म्हणजे बॉनेट उघडं असलं तर कळतं. पेडल मारलं की नाही ते."

थोरल्याचा हवेत फिरणारा हात खाली आला. "त्या दिवशी बंद होतं," तो म्हणाला. मग कूस बदलून भिंतीला सांगितलं, "आता कधी कधी वाटतं, मीच काही विसरलो असेन. सगळेच म्हणतात तर."

त्या वाक्याचा तिला जेवढा राग आला तेवढा त्या मोडलेल्या गुडघ्याचाही आला नव्हता.

धाकट्याचं लग्न ठरलं आणि त्याला खोली हवी झाली. म्हाताऱ्याने सकाळी जिन्याखाली उभं राहून वर आवाज दिला.

"सूनबाई! बर्फाची गाडी येतेय. मागचे ब्रेक पॅड बदलायचेत. दोन्ही चाकांचे. तू बांध आणि तू उभी राहा. थांबली तर खोली तुमची, मरेपर्यंत कुणी उठवणार नाही. नाही जमलं तर सामान खाली आणायचं. माझ्या गॅरेजात फुकटचं कुणी राहत नाही."

"बायकोमाणसाला भिंतीपुढे उभं करणार?" थोरला वरून ओरडला.

"तू मोठा पुरुषमाणूस उभा राहून काय उजेड पाडलास?" म्हातारा म्हणाला.

धाकटा टायरवर बसून दात कोरत होता. "वहिनी, साडी नेस आज चांगली. फोटो काढू."

"तुमच्या लग्नात नेसेन, भावजी," ती म्हणाली. "आज पँटच बरी."

बर्फाची गाडी म्हणजे एक अवजड पांढरी व्हॅन. पांढरी होती एके काळी. मासळीच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या पोचवायची. खाऱ्या पाण्याने तिची खालची बाजू खाऊन टाकलेली. बर्फवाला जाडजूड, सतत घाम पुसणारा माणूस होता आणि गाडी भरलेली घेऊन आला होता.

"रिकामी आणायला काय झालं होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"सकाळपासून मागच्या चाकात मांजर ओरडतंय. धक्क्यापर्यंत पोचलो नसतो. लवकर करा हो, माल वितळतोय."

"हँडब्रेक लागतो का?" तिने विचारलं.

"तो केव्हाच वारला, ताई. गिअरमध्ये ठेवतो आणि दगड लावतो."

तिने दगड मागून पुढच्या चाकांना लावले. गाडी जमिनीवर असतानाच मागच्या चाकांचे नट ढिले केले, मग जॅक, मग गाडी पेलायला लोखंडी घोड्या. थोरला बाजूला स्टुलावर, कुबडी मांडीवर आडवी.  तो तिचे हात बघत होता.

पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा बोल्ट हलेना. गंजाने जीव धरला होता. तिने पान्याला पाइप लावला आणि त्यावर पाय देऊन उभी राहिली.

"वहिनी, नाचतेस काय?" धाकटा म्हणाला. बर्फवाला हसला. चहाच्या टपरीवरचे दोघे पावती बघायची म्हणून आधीच येऊन बसले होते, तेही हसले. बोल्ट किंचाळला आणि सुटला. कुणी टाळी वाजवली नाही.

कॅलिपर तिने रबरी नळीवर लोंबकळू दिला नाही; तारेने वर बांधला. जुने पॅड हातात घेतले. बाहेरचा चांगला जाड होता, आतला लोखंडाला टेकत आलेला.

"पिन जाम," थोरला म्हणाला. खाली उतरल्यापासूनचा त्याचा पहिला शब्द.

"दिसतंय," ती म्हणाली. कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन ओढून काढली. तपकिरी चिखल निघाला. पॉलिश पेपरने घासून, पुसून, ग्रीस लावून तिने ती बोटाने आत-बाहेर सरकवून बघितली. डिस्कवर ओरखडे होते, खोल नव्हते. खाचांतला गंज ब्रशने काढला. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑईलच्या बाटलीचं झाकण ढिलं केलं, शिकंजा लावला आणि पिस्टन हळूहळू मागे दाबला. पॅड बसवले. दुसऱ्या चाकाला तेच. शेवटी बॉनेटशी आली तेव्हा बाटली काठोकाठ भरलेली होती. थेंबभर तेल बाहेर आलं होतं, ते तिने चिंधीने टिपलं आणि झाकण लावलं.

चाकं चढली, गाडी खाली आली, नट आवळले. बॉनेट तिने उघडंच ठेवलं आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

"झालं माझं. भावजी, पेडल."

धाकटा सीटवर चढला. बॉनेटच्या उघड्या पत्र्यामुळे त्याला ती दिसत नव्हती आणि तिला तो दिसत नव्हता. तिला बाटली दिसत होती.

ती बघत राहिली. तेल काठाशी होतं. सीटची स्प्रिंग कुरकुरली. कुणीतरी पाय आपटल्यासारखा आवाज झाला. गाडीच्या तळाच्या फळीवर, पेडलवर नाही. तेल हललं नाही. पुन्हा आपटल्याचा आवाज. तेल आरशासारखं स्थिर.

"घट्ट!" धाकटा ओरडला.

काही माणसांना खरं कळायला साक्षीदार लागतात. तिला प्लॅस्टिकची एक मळकी बाटली पुरली. आत्ता काय होणार आहे ते तिला कळलं आणि गेल्या वर्षी काय झालं होतं तेही. दोन्ही एकाच वेळी कळल्यामुळे असेल, तिला भीती वाटायची राहून गेली.

ओरडली असती तर? ओरडून काय झालं असतं ते तिने दवाखान्यात बघितलं होतं. नवऱ्याच्या शब्दाला किंमत नव्हती, तो तर पोटचा मुलगा. ती परक्या घरून आलेली. म्हातारा म्हणाला असता, बाई भिंतीला भ्याली, आता कारणं सांगतेय. धाकट्याने हसत हसत चार वेळा पेडल मारून दाखवलं असतं, की बघा, घट्ट आहे. आणि सामान खाली.

हे त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. सगळ्यांसमोर.

तिने बॉनेट लावलं. हात पुसले.

"मामंजी, नियम परत एकदा सांगा. लोक नवीन आहेत."

म्हाताऱ्याला हेच आवडायचं. त्याने छाती काढली. "ज्याने ब्रेक बांधले त्याने उभं राहायचं!"

"आणि ब्रेक बांधून झाले हे कधी ठरतं?"

"पेडल घट्ट झालं की."

"मग शेवटचा हात माझा नाही. भावजींचा आहे. निम्मे ब्रेक त्यांनी बांधले. त्यांनीही उभं राहायला हवं. माझ्या शेजारी."

टपरीवाल्यांनी 'ओहोहो' केलं. धाकटा सीटवरून उतरला, तोंड वाकडं करून. "आणि गाडी कोण आणणार? तुझा लंगडा?"

"गाडी ज्याची तो आणेल. बर्फवाले भाऊ, आपली गाडी चालवता येते ना?"

"मी? मला कशाला मध्ये—"

म्हातारा टाळी देऊन हसला. दोन कोंबडे एका खुराड्यात सोडायला त्याला जन्मभर आवडत आलं होतं. "बरोबर बोलली! पोरी, तू माझ्या पोटी यायला हवी होतीस. जा रे, उभा राहा. पेडल तूच मारलंस ना?"

"बाबा, पण आजवर कधी—"

"मारलंस ना?"

"मारलं."

"घट्ट आहे?"

धाकट्याने बर्फवाल्याकडे बघितलं, व्हॅनकडे बघितलं. "आहे ना. थांबा, एकदा परत बघून येतो."

"कशाला?" ती पटकन म्हणाली. "घट्ट आहे म्हणालात ना? मी कुठे परत नट आवळायला गेले?"

"तेच तर," म्हातारा म्हणाला. "एकदा बोलला की बोलला. तुझ्या भावासारखं करू नकोस. चल, भिंतीकडे."

ती आधीच जाऊन उभी होती. पाठीला भिंतीचा गारवा लागत होता. गुडघ्यांच्या उंचीवर भिंतीचा गिलावा उडालेला होता आणि तिथे एक काळपट डाग होता. तो ग्रीसचा नव्हता. धाकटा येऊन शेजारी उभा राहिला तो नेमका त्या डागापुढे. तिने ती जागा मुद्दाम मोकळी सोडली होती.

बर्फवाला घाम पुसत चढला. "रेघेवर दाबू ना? रेघेवरच ना?"

"रेघेवर," म्हातारा म्हणाला. "हळू नाही आणायची. पावती फुकट जाते."

इंजिन सुरू झालं. समोरून ती गाडी एवढी मोठी दिसते हे पाठीमागून काम करताना कळत नाही.

"वहिनी," धाकटा ओठ न हलवता म्हणाला, "बाजूला हो. बायकांनी बाजूला झालं तर चालतं. बाबा काही म्हणणार नाहीत. मीही होतो मग."

"मी का होऊ? माझं काम पक्कं आहे. तुमचं?"

"थट्टा नाही करत."

"मीही नाही. काही सांगायचं असेल तर मोठ्याने सांगा. त्यांना कमी ऐकू येतं."

गाडी निघाली. बर्फवाल्याने पहिला गिअर टाकला, मग म्हातारा हातवारे करून 'आण, आण' म्हणाला म्हणून दुसरा. ती सरळ बाटली होती तिथे बघत होती, बॉनेटच्या पत्र्यातून आरपार बघितल्यासारखं.   

धाकट्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर काय होतं देव जाणे, पण त्याला कळलं की हिला माहीत आहे. हिला माहीत आहे आणि ही हलणार नाही. तिथे तो फुटला.

"मारलं नाही!" तो किंचाळला. "पेडल मारलेलंच नाही! पोकळ आहे, थांबणार नाही ती!" आणि उडी मारून टायरांच्या ढिगात पडला.

बर्फवाल्याने घाबरून ब्रेक दाबला. पेडल तळाला गेलं. गाडी रेघ ओलांडून आली. त्याच्या पायाने भीतीनेच दुसऱ्यांदा लाथ मारली, मग तिसऱ्यांदा. ब्रेकनी धरलं. आतल्या बर्फाच्या लाद्या धडाधड पुढच्या पत्र्यावर आदळल्या, आणि बंपर तिच्या दोन्ही नडग्यांवर येऊन टेकला. कातडी गेली. हाड राहिलं.

ती ओरडली नाही. हलताच येत नव्हतं, गाडी मागे घेईपर्यंत. तेवढा वेळ गॅरेजात फक्त बर्फाचं पाणी ठिबकण्याचा आवाज होता.

"काय म्हणालास?" स्टुलावरून थोरल्याने विचारलं.

धाकटा टायरांतून उठला. "काही नाही. घाबरून बोललो."

"पेडल मारलं नाही म्हणालास. आज नाही मारलंस. गेल्या वर्षी मारलं होतंस?"

धाकटा पँट झटकत राहिला. कधी कधी माणूस किती वेळ पँट झटकतो यावरूनच उत्तर कळतं.

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं. आता बाप काहीतरी बोलेल, बापासारखं. म्हाताऱ्याचा जबडा दोनदा हलला. मग तो धाकट्याला म्हणाला, "भिंत सोडलीस."

एवढंच. थोरल्या मुलाचा पाय कुणी घेतला हे त्याला आत्ता कळलं होतं, आणि त्याला दिसलं काय, तर धाकट्याने मारलेली उडी.

थोरला कुबडीवर उभा राहिला आणि व्हॅनकडे गेला. "उतरा," त्याने बर्फवाल्याला सांगितलं.

"माझा बर्फ—"

"उतरा."

बर्फवाला उतरला. थोरला दांड्याला धरून सीटवर चढला, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि हत्यार मांडून ठेवावं तसा पेडलवर ठेवला.

"बाबा, नियम सांगा. जो भिंत सोडतो त्याचं काय करतात?"

 टपरीवाले बघत होते, बर्फवाला बघत होता. जन्मभर पाठ असलेला नियम पहिल्यांदाच म्हाताऱ्याच्या तोंडातून बाहेर येईना.

"बाबा, याच्या उजव्या पायात जोर नाही!" धाकटा रडायला आला. "तो ब्रेक कसा दाबणार? सांगा ना त्याला!"

"जोर कुठे गेला?" थोरल्याने खिडकीतून विचारलं. "तूच सांग त्यांना."

म्हाताऱ्याने लोकांकडे एकदा बघितलं. पोरगा आणि शब्द यांत त्याने शब्द उचलला. शब्द ऐकायला लोक होते. "उभा राहा," तो म्हणाला.

"बाबा!"

"उभा राहा, रांडेच्या! चारचौघांत नाक कापतोस?" आणि कॉलर धरून त्याने त्याला स्वतःच डागापुढे उभा केला. वेल्डरला केला होता तसाच.

ती लंगडत बॉनेटपाशी गेली आणि ते उघडलं. थोरल्याने डावा पाय पेडलवर आणून दाबायला सुरुवात केली. तेल उतरत होतं. बर्फवाल्याच्या लाथांनी निम्मं उतरलंच होतं. खुणेपाशी येऊन ते थांबलं. आणखी दाबलं, हललं नाही.

"वहिनी," धाकटा भिंतीवरून म्हणाला, "वहिनी, पाया पडतो. काय ते खरं सांग. पेडल कसं आहे?"

"घट्ट," ती म्हणाली. खरंच होतं. पण तो शब्द त्याने स्वतःच इतका सडवला होता की त्याला तो ऐकूनही काही कळलं नाही. तो आणखीच रडायला लागला.

थोरल्याने क्लच आणि रेस दोन्ही डाव्याच पायाने सांभाळत गाडी मागे नेली, पार रस्त्यापर्यंत. मग आणली. तेवढ्या जोरात त्या गॅरेजात कुणी कधी आणली नव्हती. रेघ आली, गेली. म्हाताऱ्याच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. रेघ गेल्यावर थोरल्याने एक हात स्टिअरिंगवरून काढला आणि आपल्या मेलेल्या गुडघ्यावर ठेवून खाली रेटला. त्याच पायाने दाबायचं त्याने ठरवलं होतं. ज्याने घेतला त्याच्यासाठी तोच.

ब्रेकनी धरलं.

चारही चाकं जमिनीला चिकटली, मागची शेपूट हवेत उचलल्यासारखी झाली, आत उरलासुरला बर्फ फुटला. बंपर धाकट्याच्या पँटच्या कापडाला लागून थांबला. धाकटा भिंतीवरून घसरत खाली बसला. त्याच्याखाली ओल पसरली. ती बर्फाची नव्हती.

"काम पक्कं," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. सुनेकडे न बघता त्याने भिंतीला सांगितलं, "खोली तुमची."

थोरला दांड्याला धरून खाली उतरताच बर्फवाला सीटवर चढला आणि मागे पाण्याची धार सोडत निघून गेला. टपरीवाले चहा न पिताच उठले.

ती नवऱ्याला कुबडी द्यायला गेली. तिच्या नडग्यांतून रक्त मोज्यांत उतरत होतं. तिला वाटलं तो निदान त्याबद्दल विचारेल. त्याने अंगठा आणि बोट यांत नखभर अंतर करून तिच्या तोंडापुढे धरलं.

"एवढासा दाबला होता," तो म्हणाला. "एवढासाच. मला वाटलं नव्हतं धरेल."

"म्हणजे?"

"फार चांगले बांधलेस."

हे तो असं म्हणाला, जणू तिने त्याचं वाटोळं केलं होतं. वर्षभर त्याने डोळे मिटून तिला शिकवलं होतं. पिन घासायला, ग्रीस लावायला, पिस्टन हळू दाबायला. त्यातलं एखादं जरी ती विसरली असती तर आज त्याच्या मनासारखं झालं असतं.

तो जिन्यापाशी गेला, पहिल्या पायरीवर बसला आणि उलटा चढू लागला. तोंड खाली. तिथून त्याला भिंत दिसत होती आणि भिंतीशी बसलेला भाऊही. एक पायरी चढला की तो थांबून बघायचा.

ती खाली पाने गोळा करत होती. शिकंजा पुसला, वायर ब्रश झटकला, जुने पॅड भंगारात टाकले.

"उद्या कुणाचे ब्रेक आहेत?" त्याने वरून विचारलं.

"कुणाचेच नाहीत."

"येतील," तो म्हणाला आणि पुढची पायरी चढला.